बंदुकीची खोड

आमच्या टापूतील बागायतदारांच्या एका छोटेखानी बैठकीत, वानरांच्या आणि रानडुकरांच्या उपद्रवाची नेहमीची कैफियत मांडून झाल्यावर, एका वयोवृद्ध वकीलसाहेबांनी घरोघरी पडून असलेल्या जुन्या परवान्याच्या बंदुकांविषयी जे मत प्रतिपादन केले, ते त्यांच्या व्यासंगामुळे आणि त्याहूनही अधिक त्यांच्या बोलण्यातील आर्जवामुळे, तेथे जमलेल्या बहुतेकांच्या गळी सहज उतरले. आणि उतरले म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे मला प्राप्त झाले आहे. वकीलसाहेबांविषयी माझ्या मनात आदर आहे. माझ्या वडिलांचे दोन दिवाणी दावे त्यांनीच चालविले, आणि फीचा तगादा कधी लावला नाही. परंतु ज्या मताचा अंमल झाल्यास एखाद्या घरचा कर्ता पुरुष किंवा एखाद्या गड्याचे पोर हकनाक जाण्याचा संभव आहे, त्या मतापुढे ऋणानुबंधाच्या भिडेने गप्प बसणे मला शक्य नाही.

त्यांचे म्हणणे त्यांच्याच क्रमाने सांगावयाचे तर असे. ज्या बंदुकीत एकच दोष पुनःपुन्हा उद्भवतो, दुरुस्त केला तरी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो, ती खुंटीवर गंजत ठेवण्यापेक्षा एखाद्या गरजू परवानाधारकास ‘जशी आहे तशी’ या तीन शब्दांवर विकून मोकळे व्हावे. घेणाऱ्याने आपण होऊन विचारल्याशिवाय दोषाचा उच्चार करण्याचे विक्रेत्यास कारण नाही, कारण कायदा त्याला तसे करावयास लावीत नाही. घेतल्यानंतर गावच्या लोहाराकडून कानस मारून घेतली की काम भागते. आपल्या वाडवडिलांनी हेच केले. आणि सरतेशेवटी, बंदूक मोडीत काढावी म्हणणारे लोक वडिलोपार्जित वस्तूचा अपमान करतात व वर हातचा परवानाही घालवून बसतात.

प्रथम जे मान्य आहे ते मनापासून मान्य करतो. बागायतदाराची अडचण खरी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले आणि मुरूडपासून दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळी कमरेत मोडल्या, माड मुळांसकट उपटून एकमेकांवर पडले, आणि ज्या वाडीत भर वैशाखातही ऊन जमिनीला शिवत नसे तेथे दुसऱ्या दिवशी उघडे आभाळ दिसू लागले. त्यानंतर लोकांनी कर्ज काढून जी नवी रोपे लावली, त्यांना फळ धरावयास सहा-सात वर्षे लागावयाची. आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत आळीच्या आळी उकरून ती उलथी करून जातो. शेताच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी पडेल अशी खातरजमा झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात आहे, ती याच अडचणीसाठी. वनखात्याच्या परवानगीवाचून डुकरास मारता येत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही अपरात्री एक बार झाला की कळप माघारी फिरतो, एवढ्यासाठी मनुष्य बंदूक बाळगतो. अशा माणसाला स्वस्तात मिळणारी जुनी दुनळी म्हणजे बुडत्याला काठी वाटते. म्हणूनच ती काठी किडकी आहे हे ज्याला माहीत आहे, त्याच्यावर ते सांगण्याची जबाबदारी अधिक.

माझ्या घरी अशीच एक बंदूक होती, आणि या वादात मी पडतो तो तिच्या अनुभवाच्या आधारावर. बर्मिंगहॅमची घडण, बारा बोर, दोन नळ्या शेजारी-शेजारी, घोडे बाहेरच्या अंगास, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि घोड्यांखालच्या पोलादी पट्ट्यांवर वेलबुट्टीचे असे बारीक कोरीवकाम की तीन पिढ्यांच्या हातांच्या घामाने झिजत झिजत ते आता बोटाला जाणवे, डोळ्यांना मात्र दिसत नसे. आजोबांनी ती जंजिरा संस्थान असताना घेतलेली. तिची खोड एकच होती: उजवा घोडा पुरता चढविलेला असता, चापाला बोटाचा स्पर्श नसतानाही, कधीकधी तो आपोआप पडे. या ‘कधीकधी’ शब्दात सर्व अनर्थ साठलेला आहे. बंदूक जर दर वेळी दगा देती तर तिला कोणी हात लावला नसता. दहा वेळा आज्ञेत राहून अकराव्या वेळी उलटणारी वस्तू माणसाला बेसावध करते.

मुंबईच्या एका परवानाधारक दुकानात मी ती तीन वेळा नेली. पहिल्या खेपेस वैशाख होता. दुकानदाराने माझ्यादेखत रिकाम्या बंदुकीचा घोडा पंचवीस-तीस वेळा चढविला, दस्ता रबरी पट्टीवर आपटून पाहिला, चढलेल्या घोड्यावर अंगठ्याने दाब दिला. घोडा एकदाही पडला नाही. तेलपाणी करून, दोष आढळत नाही असे सांगून त्यांनी ती परत केली. दुसऱ्या खेपेस मी आग्रह धरला तेव्हा आतली खाच घासून दिली, आणि वर्षभर सर्व सुरळीत चालले. त्या सुरळीत वर्षाने मला फसविले. पुढच्या श्रावणात एका रात्री वाडीच्या वरच्या अंगाला खुडबुड ऐकू आली म्हणून मी बाहेर पडलो. पुढे गड्याचा बारा वर्षांचा मुलगा बॅटरी धरून चालला होता, आणि मी, जे करू नये ते करून, दोन्ही घोडे चढवून त्याच्या मागोमाग निघालो होतो. बांधावरून खाली उतरताना माझी टाच शेवाळलेल्या दगडावर आपटली आणि उजवी नळी उडाली. बोट चापावर नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. छर्रे मुलाच्या खांद्यापासून हातभर अंतरावर माडाच्या बुंध्यात घुसले. मुलगा रडला नाही; बॅटरी तशीच धरून उभा राहिला. सकाळी पाहतो तो त्या बुंध्यात मूठभर खड्डा पडलेला, आणि मुलगा त्यात दोन बोटे घालून आतले छर्रे चाचपतो आहे. तो माड अजून उभा आहे.

तिसऱ्या खेपेस त्याच दुकानातील एका जुन्या कारागिराने यंत्र पूर्ण उघडून, टेबलावर पांढरा कागद पसरून, त्यावर एकेक अवयव मांडून मला जे दाखविले, ते वकीलसाहेबांच्या लोहारविषयक सिद्धांताला परस्पर उत्तर आहे, म्हणून विस्ताराने सांगतो. घोड्याच्या आसावर आतल्या बाजूस एक पोलादी चकती असते. तिच्या कडेला एक खाच असते. घोडा मागे ओढला की एक अणकुचीदार दात त्या खाचेत जाऊन बसतो आणि जबरदस्त कमानीचा सारा जोर एवढ्याशा दातावर तोलला जातो. दात खाचेत शिरतो तो एक मिलिमीटरभरही नाही. चाप ओढणे म्हणजे त्या दाताला खाचेतून बाहेर काढणे, याहून अधिक काही नाही. आता या चकतीचे लोखंड सर्वांगाने कठीण नसते. जुने कारागीर ते हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवीत. त्यामुळे वरवरची कातडी काचेसारखी कठीण होते आणि आतला गाभा मऊ, चिवट राहतो. खाचेची कड झिजून गोलावली की दात निसटू लागतो. अशा वेळी कोणी कानस घेऊन कड पुन्हा धारदार केली तर दोष तत्काळ नाहीसा झाल्यासारखा दिसतो. परंतु कानशीने ती कठीण कातडीच खरवडून निघालेली असते, दात आता मऊ गाभ्यावर बसतो, आणि पूर्वी साठ वर्षांत जेवढी झीज झाली तेवढी वर्षभरात होते. म्हणजे ज्याला आपण दुरुस्ती म्हणतो तीच दोषाला पुन्हा जन्म देते, आणि प्रत्येक जन्मात त्याचे आयुष्य वाढते. खरी दुरुस्ती करावयाची तर चकती नवीन घडवावी, किंवा झिजल्या जागी धातू भरून खाच नव्याने कापावी, आणि मग तिला पुन्हा पाणी द्यावे. अशा हातघडणीच्या बंदुकीचे सुटे भाग कोठल्याही पेटीतून काढून बसविता येत नाहीत. प्रत्येक भाग त्याच बंदुकीसाठी घासून बसविलेला असतो.

याखेरीज आमच्या हवेचा भाग निराळाच. दाताची मागची शेपटी चापाच्या पात्यावर टेकते. या दोहोंत केसाएवढी फट असावी लागते, म्हणजे दात खाचेत पुरता उतरू शकतो. आषाढ-श्रावणात अक्रोडाचे लाकूड दमट हवा पिऊन फुगते, यंत्राला व चापाला आतून रेटते, ती फट बुजते, आणि दात अर्धवटच बसतो. वैशाखात लाकूड वाळले की सर्व जागच्या जागी. दुकानदाराला माझ्या बंदुकीत दोष का आढळला नाही, याचे उत्तर हे आहे: मी ती कोरड्या दिवसांत नेली होती. त्यात आमच्या घरांत बंदुकीला खोबरेल लावण्याची वहिवाट. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजते हे स्वयंपाकघरातील बाटली पौषात रोज सांगत असते. तेच तेल घोड्याच्या आसात थिजले की घोडा जड पडतो, काडतुसाच्या टोपीवर उथळ ठसा उमटतो, आणि बार होत नाही. न उडालेले काडतूस ताबडतोब काढू पाहणाऱ्याच्या हातात ते उशिराने उडू शकते. म्हणून जाणते लोक नळी सुरक्षित दिशेस रोखून निदान अर्धा मिनिट स्वस्थ उभे राहतात. ज्या बंदुकीला पावसाळ्याची एक खोड आणि हिवाळ्याची दुसरी, ती उन्हाळ्यात विकली गेली तर घेणाऱ्याने कितीही डोळे उघडे ठेवले तरी त्याला काय दिसणार? घेणाऱ्याने पारखून घ्यावे हा वकीलसाहेबांचा आधारस्तंभ येथेच ढासळतो. जो दोष परवानाधारक दुकानाच्या तपासणीत सापडला नाही तो शेतकऱ्याने ओसरीवर उभ्या उभ्या पारखावा, अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. तो दोष फक्त एकाच माणसाला ठाऊक असतो: विकणाऱ्याला.

लोहाराविषयी आणखी एक शब्द, कारण यात एका गरीब माणसाचे आयुष्य गुंतले आहे. शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमाप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे, आणि विनापरवाना दुरुस्ती करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २५ व्या कलमाखाली निदान सात वर्षांची कैद आहे, कमाल मर्यादा जन्मठेपेपर्यंत. कोयत्याला धार लावून देणाऱ्या, नांगराचा फाळ शेवटून देणाऱ्या लोहाराच्या हातात आपण शेजारधर्माच्या नावाखाली ही बंदूक देतो तेव्हा केवढी जोखीम त्याच्या माथी मारतो याचा विचार वकीलसाहेबांसारख्या कायदेपंडिताने करू नये, याचे मला दुःख झाले. वाडवडिलांनी असे केले हे खरे. त्या काळी किती हात आणि किती डोळे गेले याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, एवढेच.

आता कायद्याकडे वळतो. वकीलसाहेबांनी १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाखालील सुप्रसिद्ध दृष्टांत सांगितला: अ हा ब ला लिलावात घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे अ जाणतो, पण काही बोलत नाही, ही लबाडी नव्हे. बैठकीत सर्वांनी माना डोलावल्या. परंतु त्याच कलमाखाली आणखी दृष्टांत आहेत, आणि वकीलसाहेबांनी ते सांगावयास हवे होते. ब ही अ ची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे अ चे कर्तव्य ठरते. आणि ब जर म्हणाला की तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालतो, तर अ चे मौन हे बोलण्यासारखेच होय. मी विचारतो, आमच्या किनाऱ्यावर बंदूक विकली जाते ती लिलावात की नात्यात? घेणारा मामेभावाचा व्याही असतो, पलीकडच्या पाखाडीतला असतो, ज्याच्या लग्नात आपण पंगतीला वाढले तो असतो. तो किंमत ठरविताना घासाघीस करतो, पण वस्तूविषयी विचारीत नाही, कारण ‘अण्णांच्या घरची बंदूक’ एवढे त्याला पुरते. त्याचा हा विश्वास म्हणजेच दुसऱ्या आणि तिसऱ्या दृष्टांतातील परिस्थिती होय. पहिल्या दृष्टांताचा आडोसा घेण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आणि दृष्टांतातला घोडा व बंदुकीचा घोडा यांत आणखी एक मूलगामी अंतर आहे. सदोष घोडा विकत घेणाऱ्याचे पैसे बुडतात. फार तर तो स्वतः पडतो. सदोष बंदुकीची इजा बहुधा ज्याने ती घेतलीच नाही त्याला होते. बॅटरी धरणारे पोर, पलीकडच्या वाडीत सुपारी वेचणारी बाई, कुंपणाबाहेरून जाणारा वाटसरू, यांपैकी कोणी ‘जशी आहे तशी’ या शब्दांना संमती दिली होती? करार दोघांचा, आणि त्याची किंमत चुकविणारा तिसरा! अशा व्यवहाराला करार कायद्यातील मौनाचा नियम लावणे हे मला शास्त्रशुद्धही वाटत नाही आणि माणुसकीचेही. शिवाय परिणाम पाहा. उद्या मृत्यू घडला तर भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली निष्काळजीपणाचा आरोप ज्याच्या हातात बंदूक होती त्याच्यावर येईल; म्हणजे ज्याला दोष माहीत नव्हता तो पिंजऱ्यात उभा राहील, आणि ज्याला माहीत होता तो साक्षीदाराच्या बाकावरसुद्धा दिसणार नाही.

वकीलसाहेब म्हणाले की शस्त्र कायद्याने विक्रीवर जी बंधने घातली आहेत ती पाळली की विक्रेत्याची जबाबदारी संपली. ती बंधने कोणती? खाजगी मालकास आपली बंदूक विकावयाची असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदारांना लेखी इत्तिला द्यावी, घेणाऱ्याचे नाव-पत्ता कळवावा, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबावे. ही मुदत माणसाची चौकशी व्हावी म्हणून आहे. घेणारा कोण, त्याचा परवाना आहे काय, याची सरकार खातरजमा करते. बंदुकीच्या पोटातली खाच किती झिजली आहे हे कोणी कारकून पाहत नाही, आणि पाहून त्याला समजणारही नाही. सरकारने माणूस तपासला म्हणजे वस्तूही तपासली गेली, असा अर्थ त्या ४५ दिवसांतून काढणे म्हणजे जे कलमात नाही ते कलमाच्या तोंडी घालणे आहे.

अशीच गफलत नळीवरच्या शिक्क्यांविषयी होते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाणाऱ्या प्रत्येकाने चाकांच्या गाड्यांवरील दोन लोखंडी तोफा पाहिल्या असतील. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव ओतलेले आहे. बनविणाऱ्याने आपले नाव वस्तूवर घालणे म्हणजे तिच्या गुणदोषांचा जामीन राहणे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये स्थापन झाले ते याच हेतूने. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून नळी उडवून पाहावयाची, टिकली तर शिक्का मारावयाचा. जुन्या बंदुकांवरचे हे शिक्के दाखवून आमच्याकडे भाव वाढविला जातो. परंतु तो शिक्का नळीच्या मजबुतीचा, आणि तोही परीक्षेच्या दिवसापुरता. काळ्या दारूसाठी पारखलेल्या नळीत आजचे धूरविरहित दारूचे काडतूस घालणे, किंवा अडीच इंची घरासाठी बनलेल्या नळीत पावणेतीन इंची काडतूस वापरणे, हे त्या शिक्क्याच्या बाहेरचे आहे. घोड्याच्या खाचेविषयी तर तो शिक्का काहीच बोलत नाही. इंग्लंडात १८६८ च्या कायद्यान्वये, ज्या नळीची झीज परीक्षेच्या मर्यादेबाहेर गेली ती पुन्हा पारखून घेतल्याशिवाय विकणे हाच गुन्हा आहे. ‘जशी आहे तशी’ हे शब्द तेथे उपयोगी पडत नाहीत.

दोष माहीत असूनही मौन पत्करल्याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. रेमिंग्टन कंपनीची ७०० क्रमांकाची रायफल १९६२ साली बाजारात आली; ज्या चापयंत्रावर ती बेतली होती त्यात एका परिस्थितीत धोका संभवतो, हे त्याच्या रचनाकाराने १९४६ सालीच कंपनीस लेखी कळविले होते. पुढे चाप न ओढता बार झाल्याच्या तक्रारी येत राहिल्या. २००० साली माँटाना राज्यात एका आईने रायफल रिकामी करण्यासाठी सुरक्षा-खटका सरकविला, तोच गोळी सुटली आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. कंपनीने दोष कधी कबूल केला नाही. तरी २०१८ मध्ये अंमलात आलेल्या तडजोडीने सुमारे ७५ लाख बंदुकांच्या मालकांना चापयंत्र बदलून देण्याची किंवा भरपाईची तजवीज तिला करावी लागली. त्या मधल्या वर्षांत त्या रायफली ‘जशा आहेत तशा’ कितीदा हातोहात विकल्या गेल्या असतील! दर विक्रीगणिक दोषाची माहिती मागच्या घरी राहिली आणि दोष पुढच्या घरी गेला. माझ्या मते जुन्या बंदुकीच्या विक्रीतील सर्वांत मोठे पाप हेच. खोडीचा बैल विकताना आपला कुणबी सांगतो की हा उजव्या अंगाने शिंग मारतो, त्या बाजूने पोरांना जाऊ देऊ नका. बैलाच्या बाबतीत जी रीत आपण पाळतो ती बंदुकीच्या बाबतीत सोडावी, असे कोणत्या शहाणपणाने ठरले?

कोणी म्हणेल की उजवा घोडा बिघडला तर बिघडला, डावी नळी शाबूत आहे, तेवढीच वापरावी. मीही काही महिने हेच करून पाहिले. अंधारात, घाईत, पावसात हात सवयीने उजव्या घोड्याकडे जातो. दोन नळ्यांच्या बंदुकीला एक नळी विसरावयास शिकविणे कोणास साधल्याचे मला माहीत नाही.

राहिला वडिलोपार्जित वस्तूच्या मानाचा प्रश्न. येथे वकीलसाहेब भावनेला हात घालतात, आणि ती भावना माझीही आहे. परंतु शस्त्राचा मान कशात असतो हे याच भूमीतील राजनीतीने सांगून ठेविले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे कान मेणाने बुजवावे, वर आच्छादन घालावे, अशी बारीकसारीक ताकीद आहे. ज्या राज्यकर्त्यांनी तोफेच्या कानातल्या मेणापर्यंत लक्ष घातले त्यांचे नाव घेऊन आपण खाच झिजलेली बंदूक शेजाऱ्याच्या गळ्यात बांधणार काय? आठवण जपावयाची असेल तर कायद्याने वाट ठेविली आहे: दुरुस्त करून किंवा न करूनही जे हत्यार बंदूक म्हणून चालूच शकणार नाही, त्याला ४५ व्या कलमाने कायद्याच्या बंधनांतून वगळले आहे. परवानाधारक कारागिराकडून बंदूक कायमची निकामी करून घ्यावी, तसा लेखी दाखला घ्यावा, पोलीस ठाण्यात तो रुजू करावा, आणि मग ती खुशाल दिवाणखान्यात टांगावी. ज्याला वापरावयाचीच आहे त्याने नवी चकती घडवून घेण्याचा खर्च सोसावा, आणि एक पावसाळा तीवर लक्ष ठेवावे. ज्याला विकावयाचीच आहे त्याने विक्रीच्या कागदावर दोष स्वच्छ मराठीत लिहावा: कोणता घोडा, कोणत्या ऋतूत, किती वेळा, कोठे दुरुस्त केला, आणि खाली दोघांनी सह्या कराव्या. असा कागद पुढे केल्यावर गिऱ्हाईक पळून जाईल ही भीती खरी आहे, आणि गिऱ्हाईक पळून जावे हाच त्या कागदाचा उपयोग.

परवाना जाण्याची भीती मला क्षुद्र वाटत नाही. अर्ज, चौकशी, अलिबागच्या फेऱ्या, निवडणुकीच्या सुमारास ठाण्यात हत्यार जमा करणे व परत आणणे, हे सर्व मी केले आहे. नव्याने परवाना मिळणे किती कठीण हे मला समजते. म्हणूनच कित्येक घरांत बंदूक बाळगली जाते ती केवळ परवाना जिवंत राहावा म्हणून, आणि ती सदोष असली तरी तिच्याविषयी ब्र काढला जात नाही. परंतु परवाना बंदुकीसाठी असतो. परवान्यासाठी बंदूक बाळगावयाची, आणि त्या बंदुकीसाठी गड्याच्या पोराचा खांदा पणाला लावावयाचा, हा हिशेब मला कोणत्याही बाजूने जुळत नाही.

बैठक संपल्यावर वकीलसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारले, “अरे, मग तुझ्या आजोबांच्या बंदुकीचं काय केलंस?” त्या वेळी आम्ही घाईत होतो, म्हणून उत्तर येथे देतो. श्रीवर्धनच्या बाजूचे एक गृहस्थ ती घ्यावयास आले होते. वादळात त्यांची सारी वाडी गेली होती आणि ते बऱ्यापैकी रक्कम द्यावयास तयार होते. मी त्यांना चहा दिला, वाडीत नेऊन तो माड दाखविला, खड्ड्यात बोट घालावयास सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पैशांचे पाकीट खिशात घालून, माझ्या पाठीवर हात ठेवून निघून गेले. पुढच्याच आठवड्यात मी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि परवान्यावरील तिची नोंद कमी करून घेतली. अंमलदारांनी नळीवरचा क्रमांक भिंगातून वाचून पावतीवर उतरविला, आणि दोष काय आहे म्हणून विचारले. मी सांगितला. त्यांनी तो पावतीच्या कोपऱ्यात लिहिला: ‘उजवा घोडा आपोआप पडतो.’ ती पावती आजोबांच्या पेटीत, मूळ परवान्याच्या खाली ठेविली आहे. डुकरे अजून येतात. गड्याचा मुलगा आणि मी आळीपाळीने रात्री डबा वाजवितो.